जुलाब माणसाला, जिवाणू जनावरात: अन्नातून आलेली लागण ओळखतात कशी?

१८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने एका नव्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. त्यालाच आज ब्रुसेला म्हणतात. तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याने तो वाढवून दाखवला होता. महिनोन्‌महिने चढउतार करत राहणाऱ्या त्या तापाचं कारण असं हाती लागलं. पण जिवाणू सैनिकांच्या शरीरात शिरतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कुणालाच कळलं नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झमित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या धडधाकट होत्या, दूध देत होत्या, त्यांच्यावर संशय घ्यायला काही कारणच नव्हतं. तरी त्यांच्या रक्तात त्याच जिवाणूच्या खुणा सापडल्या आणि पुढे दुधातही तो मिळाला. १९०६ मध्ये छावणीत शेळीचं दूध देणं थांबवलं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूंची सगळी गोम या घटनेत आहे. माणूस आजारी पडतो, म्हणून आपण त्याला तपासतो. जनावर बहुतेक वेळा आजारी दिसतच नाही, त्यामुळे ते तपासावं हेच कुणाला सुचत नाही. दोन्ही टोकांना एकच जिवाणू आहे हे सिद्ध होईपर्यंत रुग्ण येत राहतात. या लेखात दोन्ही टोकांकडच्या तपासण्या काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि त्यांचा सांधा कसा जुळवतात, ते पाहू.

हे प्रकरण किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांपैकी १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुलं असतात. यात विषाणू, परजीवी आणि रसायनंही धरली आहेत, पण मृत्यूंमध्ये जिवाणूंचा वाटा मोठा आहे.

लक्षणांवरून का कळत नाही

जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, ताप. साल्मोनेला असो, कॅम्पिलोबॅक्टर असो की नुसता विषाणू, रुग्णाचं गाऱ्हाणं साधारण सारखंच असतं. अनुभवी डॉक्टरलाही त्यावरून अंदाजच बांधता येतो. शौचात रक्त असेल, ताप चढलेला असेल, तर जिवाणूचा संशय वाढतो. नेमका कोणता, हे मात्र प्रयोगशाळाच सांगू शकते.

डॉक्टर ‘काय खाल्लं होतं?’ असं विचारतो तेव्हा रुग्ण हमखास शेवटच्या जेवणाकडे बोट दाखवतो, आणि बहुतेकदा ते बोट चुकीच्या दिशेला असतं. स्टॅफिलोकोकस या जिवाणूने अन्नात आधीच विष तयार करून ठेवलेलं असेल, तर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. तिथे शेवटचं जेवण खरोखर दोषी असू शकतं. साल्मोनेलाला साधारण सहा तास ते तीन दिवस लागतात. कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस. ई. कोलाय ओ१५७ या घातक प्रकाराला तीन-चार दिवस. लिस्टेरियाला तर कधी कधी सत्तर दिवसांपर्यंत. दोन महिन्यांपूर्वी एखाद्या संध्याकाळी काय खाल्लं हे कुणाला आठवणार? म्हणूनच जिवाणू हातात असणं फार महत्त्वाचं ठरतं.

जिवाणू वाढवून ओळखणं

आजही सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे कल्चर, म्हणजे नमुन्यातला जिवाणू पोषक माध्यमावर वाढवणं. अडचण अशी की शौचाच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी निरुपद्रवी जिवाणू असतात आणि आपल्याला हवा तो त्यांच्या गर्दीत लपलेला असतो. म्हणून माध्यमच असं बनवतात की नको असलेल्यांची वाढ खुंटावी आणि हवा असलेल्याने स्वतःची ओळख पटवून द्यावी. साल्मोनेला एक्सएलडी नावाच्या माध्यमावर वाढताना गंधकयुक्त वायू सोडतो आणि त्याच्या लालसर ठिपक्यांच्या मधोमध काळा डाग उमटतो. ई. कोलाय ओ१५७ ला सॉर्बिटॉल ही साखर लवकर पचत नाही. आतड्यातले बाकीचे बहुतेक ई. कोलाय ती पचवून गुलाबी होतात. हा मात्र फिका राहतो आणि तिथेच पकडला जातो.

कॅम्पिलोबॅक्टरची हकिगत मला या साऱ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. आज अनेक देशांत जिवाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांमध्ये तो पहिल्या क्रमांकावर आहे. पण १९७० च्या दशकापर्यंत मानवी वैद्यकात त्याला जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. पशुवैद्यांना मात्र तो माहीत होता. इंग्लंडमध्ये मॅकफेडियन आणि स्टॉकमन यांनी मेंढ्या गाभडण्याचं कारण शोधताना त्याच कुळातला वळणदार जिवाणू पाहिला होता, आणि त्यांचा अहवाल १९१३ मधला आहे. म्हणजे तब्बल साठ वर्षं तो गोठ्यात ओळखीचा होता आणि दवाखान्यात अनोळखी. कारण साधं होतं. या जिवाणूला हवेतला २१ टक्के प्राणवायू सोसत नाही, त्याला पाचेक टक्केच लागतो. आणि माणसांना जुलाब करणाऱ्या त्याच्या जाती ४२ अंश तापमानाला छान वाढतात. रुग्णांचे नमुने नेहमीच्या हवेत, नेहमीच्या ३७ अंशांना ठेवले जात होते आणि अहवालात ‘जिवाणू आढळला नाही’ असं लिहिलं जात होतं. १९७२ मध्ये बेल्जियममध्ये बुट्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शौच बारीक गाळणीतून गाळून तो वेगळा काढला. १९७७ मध्ये इंग्लंडच्या मार्टिन स्किरो यांनी त्याच्यासाठी खास माध्यम वापरून दाखवलं आणि मग जो तो शोधू लागला त्याला तो सापडू लागला.

‘आढळला नाही’ या शब्दांचा अर्थ नेहमी ‘आपण ज्या पद्धतीने शोधलं त्या पद्धतीने आढळला नाही’ एवढाच घ्यायचा असतो. अहवाल वाचताना हे रुग्णाने, डॉक्टरने आणि पशुवैद्यानेही लक्षात ठेवायला हवं.

लिस्टेरियाची तऱ्हा आणखी वेगळी. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. पूर्वी प्रयोगशाळेत त्याला शोधण्यासाठी नमुना चार अंशांना आठवडेच्या आठवडे ठेवून द्यायचे. बाकीचे जिवाणू थंडीत थिजत आणि हा सावकाश वाढत राही. जी सवय त्याला घरातल्या फ्रिजमध्ये धोकादायक बनवते, तिचाच उपयोग करून त्याला शोधलं जाई. शिवाय गंभीर लिस्टेरिया शौचात शोधून फारसा उपयोग नसतो. तो रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात शोधावा लागतो, गरोदर बाईच्या बाबतीत वारेतही.

अन्नाचा किंवा शेणाचा नमुना असेल तर काम वाढतं. गोठवलेल्या, वाळलेल्या, खारवलेल्या पदार्थातले जिवाणू अर्धमेले असतात. थेट कडक माध्यमावर टाकले तर उगवतच नाहीत. म्हणून साल्मोनेलासाठी साधारण २५ ग्रॅम अन्न आधी सौम्य द्रवात रात्रभर ठेवून त्यांना सावरू देतात, मग निवडक द्रवात वाढवतात, मग ताटलीवर, मग खात्री. यात चार-पाच दिवस सहज जातात. रुग्णाच्या शौचाचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो.

ताटलीवर आलेला ठिपका नेमका कुणाचा, हे पूर्वी साखरा आणि रसायनांच्या चाचण्या लावून ठरवत. आता माल्डी-टॉफ हे यंत्र जिवाणूच्या प्रथिनांचं वजन मोजून काही मिनिटांत नाव सांगतं. तरी ते ‘शिगेला’ नावाचा जिवाणू आणि ई. कोलाय यांच्यात गोंधळतं, इतके ते दोघे जवळचे आहेत. साल्मोनेलाच्या बाबतीत तर नुसतं नाव पुरत नाही. त्याचे २५०० हून अधिक उपप्रकार आहेत. टायफॉइडचा साल्मोनेला फक्त माणसात राहतो, त्याच्यासाठी कोंबड्या तपासणं व्यर्थ. एंटेरिटिडिस हा उपप्रकार मात्र कोंबडीच्या अंडाशयात शिरून कवच बनण्याआधीच अंड्यात पोहोचू शकतो. तेव्हा उपप्रकार कळला की पुढे कुठे शोधायचं तेही कळतं.

तासाभरात निकाल देणारी चाचणी

कोविडमुळे पीसीआर हा शब्द घरोघरी पोहोचला. शौचाच्या नमुन्यावर आता असे पीसीआर संच वापरतात की एकाच वेळी वीस-बावीस जिवाणू, विषाणू आणि परजीवी शोधता येतात, तेही एक-दोन तासांत. अत्यवस्थ बाळाच्या डॉक्टरसाठी हे फार मोलाचं आहे. ओ१५७ सारखा शिगा नावाचं विष तयार करणारा ई. कोलाय असल्याचं लवकर कळलं तर प्रतिजैविकं टाळता येतात. काही प्रतिजैविकांमुळे विषाचं प्रमाण वाढून मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका वाढू शकतो, हा त्या संसर्गातला सर्वांत भीतीदायक भाग.

पण पीसीआर डीएनए पाहतो, जिवंत जिवाणू पाहत नाही. मेलेल्या जिवाणूचा डीएनएसुद्धा ‘पॉझिटिव्ह’ येतो. कोणतं औषध लागू पडेल हेही त्यातून पुरेसं कळत नाही. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान असं की निकाल पटकन मिळाला म्हणून पुढे कल्चर केलंच नाही, तर जिवाणू हाताशी राहत नाही. हाताशी जिवाणू नसेल तर तो दुसऱ्या रुग्णातल्या किंवा कत्तलखान्यातल्या जिवाणूशी ताडून पाहता येत नाही. म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह आला की त्याच नमुन्याचं कल्चर लावणं ही चांगल्या प्रयोगशाळेची खूण आहे.

विषबाधेचे प्रकार वेगळे पडतात. स्टॅफिलोकोकसचं विष उकळूनही नष्ट होत नाही, जिवाणू मात्र मरतो. तिथे रुग्णात जिवाणू शोधण्यापेक्षा उरलेल्या अन्नात विष शोधणंच शहाणपणाचं.

रक्तातल्या खुणा

१८९६ मध्ये फेर्नां विडाल यांनी टायफॉइडच्या रुग्णाचं रक्तद्रव्य जिवाणूंमध्ये मिसळलं की त्यांचे गोळे होतात हे वापरून चाचणी बनवली. तीच ही विडाल टेस्ट. झमित यांनी शेळ्यांवर वापरली तीही याच तत्त्वाची. शरीराने जिवाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं ती दाखवते, जिवाणू दाखवत नाही. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग, लस किंवा त्याच कुळातला दुसरा जिवाणू यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते, आणि आजाराच्या पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणं बरोबर नाही. पहिल्या आठवड्यात, औषध सुरू होण्याआधी घेतलेलं रक्ताचं कल्चर तिच्याहून कितीतरी भरवशाचं असतं.

जनावरांच्या कळपात मात्र याच तत्त्वाच्या चाचण्या फार कामाच्या आहेत, कारण तिथे ‘या जनावराला आज काय झालंय’ यापेक्षा ‘या कळपात जिवाणू फिरतोय का’ हा प्रश्न असतो. ब्रुसेलासाठी रोझ बंगाल चाचणी आहे: रक्तद्रव्याचा थेंब आणि रंगवलेल्या जिवाणूंचा थेंब एकत्र हलवायचे, चार मिनिटांत कण दिसतात की नाही ते बघायचं. दुधाची कडी चाचणीही आहे. तिच्यात रंगवलेले जिवाणू दुधात मिसळतात. प्रतिपिंडं असतील तर ते सायीबरोबर वर येऊन निळं कडं दिसतं. साऱ्या गाईंचं दूध एकत्र साठवलेल्या टाकीतून एकच नमुना घेऊन अख्खा कळप चाळता येतो. त्यातून गाय नेमकी कोणती ते कळत नाही, पण पुढे एकेक गाय तपासायची की नाही ते ठरतं.

गोठ्यात आणि खुराड्यात

गाईच्या आतड्यात ओ१५७ आरामात राहतो. माणसाच्या मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांवर ज्या जागी त्याचं विष चिकटतं, तशी जागा गाईच्या रक्तवाहिन्यांवर नसते. त्यामुळे गाईला काहीच होत नाही. कोंबड्यांचं आणि कॅम्पिलोबॅक्टरचंही बरंचसं असंच. अशा जनावराकडे पाहून काही म्हणजे काही कळत नाही.

त्यातून ते जनावर जिवाणू रोज टाकतही नाही. आज शेणात आहे, परवा नाही, आणि वाहनातून दूर नेलं, गर्दीत कोंबलं की ताणामुळे पुन्हा सुरू. म्हणून एका जनावराचा एक निगेटिव्ह निकाल फारसं काही सांगत नाही. समजा, कळपातल्या ५ टक्के कोंबड्यांना लागण आहे आणि चाचणी अचूक आहे. दहा कोंबड्या तपासल्या तर लागण साफ निसटण्याची शक्यता जवळपास ६० टक्के असते. ९५ टक्के खात्रीने ती पकडायची असेल तर साधारण साठ कोंबड्या तपासाव्या लागतात. हा हिशेब न करता चार-दोन नमुने घेऊन ‘कळप स्वच्छ आहे’ म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

यावर शोधलेला एक उपाय मला फार आवडतो. बुटांवर कापडी आवरणं चढवून माणूस कोंबड्यांच्या शेडमध्ये फिरतो. जमिनीवरची विष्ठा आणि भुसा त्यावर चिकटतो आणि तीच आवरणं प्रयोगशाळेत जातात. एका फेरीत हजारो पक्ष्यांचा नमुना मिळतो, कोंबडी पकडावीही लागत नाही. डुकरांच्या बाबतीत डेन्मार्कने १९९० च्या दशकात कत्तलखान्यातल्या मांसाच्या तुकड्यातून निघणारा द्रव वापरायला सुरुवात केली. त्यातल्या प्रतिपिंडांवरून कोणत्या शेतावर साल्मोनेला आहे ते ओळखतात.

जनावर खरोखर आजारी पडतं तेव्हाही खुणा वाचता याव्या लागतात. मेंढी एकाच दिशेला गोल गोल फिरू लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर पशुवैद्याला लिस्टेरियाची शंका येते, विशेषतः खराब झालेला मूरघास खाण्यात आला असेल तर. गाभण जनावरं एकापाठोपाठ गाभडू लागली की ब्रुसेला, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया यांपैकी काहीही असू शकतं. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये. तेच सर्वांत चांगले नमुने आहेत आणि तेच लागणीचं सर्वांत मोठं घरही. ते हाताळलेल्या माणसाला पुढे ताप आला तर त्याने डॉक्टरला जनावरांविषयी न विसरता सांगावं, कारण ब्रुसेला कल्चरमध्ये हळू वाढतो आणि प्रयोगशाळेतल्या माणसांनाही त्याची लागण होऊ शकते.

दोन टोकं जुळवणं

१९८१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांमध्ये लिस्टेरियाची साथ आली. ४१ रुग्ण, त्यातल्या बहुतेक गरोदर बाया आणि नवजात बाळं. एका रुग्णाच्या फ्रिजमधल्या कोबीच्या कोशिंबिरीत तोच जिवाणू सापडला. कोबीचा माग काढत तपास एका शेतापर्यंत गेला. तिथे मेंढ्या होत्या, त्यातल्या काही लिस्टेरियाने मेल्या होत्या आणि त्यांचं लेंडीखत कोबीला घातलं गेलं होतं. कोबी हिवाळाभर थंड गोदामात ठेवला होता, म्हणजे लिस्टेरियाला हवी तशी जागा मिळाली होती. लिस्टेरिया अन्नातून पसरतो हे या तपासाने पक्कं झालं. त्या मेंढ्यांच्या मृत्यूची बातमी वेळीच मानवी आरोग्य यंत्रणेपर्यंत पोहोचली असती तर, हा विचार मला सोडत नाही.

तेव्हा ‘तोच जिवाणू’ हे ठरवण्याची साधनं कच्ची होती. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धकच्च्या बर्गरमधून ओ१५७ ची मोठी साथ आली, ७०० हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये पल्सनेट हे जाळं उभं राहिलं. वेगवेगळ्या प्रयोगशाळा जिवाणूच्या डीएनएचे तुकडे करून मिळणारा पट्ट्यांचा नमुना एकमेकींना पाठवू लागल्या. दूरदूरच्या गावांतले सुटे रुग्ण एकाच साथीचे आहेत हे त्यातून दिसू लागलं.

आता पट्ट्यांच्या जागी संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचतात. साल्मोनेलाचा जीनोम सुमारे ४८ लाख अक्षरांचा असतो. रुग्णातला आणि जनावरातला जिवाणू घेऊन अक्षरागणिक तुलना केली आणि फरक मोजक्याच अक्षरांचा निघाला, तर दोघांचा उगम अलीकडचा आणि एकच असण्याची शक्यता फार मोठी. तरी जीनोम दिशा सांगत नाही: जनावराकडून माणसाकडे गेला, माणसाकडून जनावराकडे, की तिसऱ्याच ठिकाणाहून दोघांकडे. त्यासाठी कोण काय जेवलं, माल कुठून आला, हे विचारत फिरणारी माणसं लागतातच.

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय ओ१०४ ची साथ आली तेव्हा याचा प्रत्यय आला. जवळपास ४००० लोक आजारी पडले, ५० हून अधिक मेले. सुरुवातीला संशय स्पेनहून आलेल्या काकड्यांवर घेतला गेला, काकड्यांवर ई. कोलाय सापडलाही, पण तो या साथीचा नव्हता. तोवर शेतकऱ्यांचं प्रचंड नुकसान होऊन गेलं होतं. शेवटी तपास मोड आलेल्या धान्यापाशी आणि पुढे इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांपाशी पोहोचला. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाचे १००० हून अधिक रुग्ण झाले, २०० हून अधिक दगावले. तिथे सांधा जुळला तो एका पाळणाघरातल्या मुलांना जुलाब झाले तेव्हा. त्यांचे नमुने घेतले गेले, पाळणाघराच्या फ्रिजमधलं पोलोनी नावाचं तयार मांस तपासलं गेलं आणि जीनोमवरून तोच प्रकार कारखान्यापर्यंत मागे नेता आला.

हे सगळं नमुना दिला गेला तरच घडतं. अमेरिकेतला एक अंदाज असा की प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या साल्मोनेलाच्या प्रत्येक रुग्णामागे सुमारे २९ जण आजारी असतात. बाकीचे दवाखान्यात जात नाहीत, किंवा गेले तरी त्यांचा नमुना कुणी मागत नाही.

प्रत्येक जुलाबाला तपासणी लागत नाही; बहुतेक आजार पाणी आणि क्षार भरून काढले की आपोआप बरे होतात. पण शौचात रक्त असेल, ताप जास्त असेल, तीन दिवसांत उतार नसेल, रुग्ण तान्हं बाळ, वृद्ध, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस असेल, किंवा एकाच वेळी अनेक जण आजारी पडले असतील, तर शौचाचा नमुना देण्याबद्दल डॉक्टरला स्वतःहून विचारा. नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घेतलेला हवा, एखाद्या गोळीनेही कल्चर फसू शकतं. तो स्वच्छ, कोरड्या डबीत घ्यावा, त्यात लघवी मिसळू देऊ नये. दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर खास वाहक माध्यम मागून घ्यावं. संशयित अन्न उरलं असेल तर फेकू नका. झाकण लावून, तारीख लिहून फ्रिजमध्ये वेगळं ठेवा, पण गोठवू नका, गोठवल्याने कॅम्पिलोबॅक्टरसारखे नाजूक जिवाणू मरतात. आणि पाकीट जपून ठेवा. त्यावरच्या बॅच क्रमांकावरून तो माल कोणत्या दिवशी, कुठे भरला गेला इथपर्यंत मागे जाता येतं.